मागून जेवणारी

१४ जानेवारी १९६२, रविवार. कोरीट

तिळगूळ खाल्ला! नखाएवढा, तोही दुधात विरघळवून. पण खाल्ला आणि उतरला. मुंबईहून येऊन आज आठ दिवस झाले. सहा आठवडे रोज मशीनखाली निजून छातीत किरणं घेतली, ती फुकट गेली नाहीत म्हणायची. डॉक्टर म्हणाले होते, अन्ननलिकेतली गाठ आक्रसेल, वाट मोकळी होईल, मऊ खात जा. वाट झाली आहे. सध्या तरी.

मी गिळतो तेव्हा ही समोर बसून माझ्या गळ्याकडे बघते. घास खाली गेला की मग हिचा श्वास सुटतो. ही — म्हणजे जसोदा. बत्तीस वर्षांत तोंडाने नाव घेतलं नाही, वहीत लिहायला काय हरकत? वाचणार कोण? हिला अक्षरओळख नाही. मास्तराची बायको निरक्षर! चूक माझीच. लग्नानंतर दोन-तीनदा पाटी घेऊन बसलो होतो. मी चिडायचो, ती हसायची. राहून गेलं.

डॉक्टरांनी छातीवर जांभळ्या शाईने आखलेला चौकोन अजून पुसट दिसतो. आंघोळ घालताना ही तेवढी जागा सोडून हात फिरवते. आता पुसलं तरी चालतं, हे तीनदा सांगितलं. नाही म्हणजे नाही.

१७ जानेवारी

शेजारच्या शेतातल्या बन्सीलालच्या गाडीतून नंदुरबारला जाऊन आलो. जिनातल्या कापसाच्या काट्यावर वजन करून घेतलं. सेहेचाळीस किलो. काट्यावरचा माणूस म्हणाला, "मास्तर, पाव गाठ भरनात तुम्ही!" मी हसलो. बन्सीलाल हसला नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

परवा जग बुडणार आहे. आठ ग्रह एका राशीत! मारुतीच्या पारावर होम चालू आहे, धुराने सगळ्या गल्लीचे डोळे लाल. लोक घरोघरी जाऊन एकमेकांची माफी मागत आहेत. सकाळी बन्सीलालही येऊन गेला. बांधावरून झालेलं दहा वर्षांपूर्वीचं भांडण मला आठवतही नव्हतं.

हिला म्हटलं, मी एकटाच निघणार होतो, आता चांगली सोबत मिळाली. ताडकन उठून आत गेली. नको होतं बोलायला. जीभ तेवढी शाबूत आहे ना अजून.

६ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. माझा घास मात्र अडकला. ताकात कालवलेला मऊ भात. वरून पाणी प्यायलो, तर तेही परत आलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

इस्पितळातून निघताना त्यांनी छापील कार्डं दिली आहेत. दर महिन्याला भरून टाकायची. वजन किती? दुखतं का? झोप लागते का? काय गिळता येतं — घट्ट, मऊ की पातळ? लागू नसेल ते खोडावं. जानेवारीत मी 'घट्ट' खोडलं होतं. आज 'मऊ'वरही रेघ मारली. मारताना हात जरा थांबला, खोटं कशाला सांगू.

हे लोक विचारतात ते बरोबरच आहे. पण दिवस कसा जातो ते कार्डावर मावत नाही. सकाळी एक पेला दूध प्यायला तासभर लागतो. एक घोट, मग छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं, मग ती मूठ सुटायची वाट बघणं. थुंकीसुद्धा सुखाने गिळवत नाही. शेजारी वाडगा ठेवावा लागतो. माणसं भेटायला आली की मी तो पंचाखाली झाकतो. ती लवकर उठून जातात, कारण त्यांच्यासमोर चहा आला की त्यांना माझी लाज वाटते आणि मला त्यांची. बावन्न वर्षांचा मी. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, दहा पुरणपोळ्या खाऊन वर पैज जिंकलेला माणूस!

गावाबाहेर मिरची वाळत घातली आहे. वारा फिरला की तिचा खकाणा थेट घरात येतो, खोकून खोकून डोळ्यांत पाणी उभं राहतं. ही दार लावून घ्या म्हणते. मी मुद्दाम दारात बसतो. मिरचीशी तेवढाच संबंध उरला आहे.

२ मार्च, शुक्रवार

आज रमिलाबाईंनी माझे डोळे उघडले. शेजारीण म्हणून ताक द्यायला आल्या होत्या. ही गोठ्यात होती. दारातूनच हळू म्हणाल्या, "मास्तर, वहिनी वाळी चालनी. तुम्हले दिखस का नही?"

मी बघितलं. खरंच बघितलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताहेत. मला माझ्या गळ्यापुढे दुसरं काही दिसतच नव्हतं.

ही लग्न होऊन आली त्या दिवसापासून माझ्यामागून जेवते, माझ्याच ताटात. आमच्याकडे सगळ्या बायका तशाच. मी उठायचो, ताट तिथेच राहायचं, त्यातच भाकरी घेऊन ही बसायची. हे इतकं रोजचं की त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. आता मी ताटावर बसतच नाही. पेलाभर मुगाचं कढण पितो, निम्मं टाकतो. उरलेलं निम्मं ही पिते. संपलं हिचं जेवण! महिना झाला. वर म्हशीचं दूध, शेण, पाणी, वावर, मी.

विचारलं तर म्हणते, "माले भूक नही लागस."

म्हटलं, मी मुंबईला होतो तेव्हा काय करत होतीस?

"तुम्हना नावनं ताट वाढू, गायले खावाडू, मंग जेवू."

मग तसं आताही कर!

"तुम्ही आठे समोर बसेल शेत. समोर मानूस शे आनि नावनं ताट कसं वाढू?"

मी इथे समोर बसलोय, म्हणून नावाचं ताट नाही! ओरडलो. ओरडायलाही आवाज राहिला नाही, नुसती शिट्टी वाजल्यासारखं झालं. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोन घास खाई ल्या, मंग मी खासू."

५ मार्च

रोज तेच. समजावलं, रागावलो, माझी शपथ घातली. शपथ घातली तेव्हा चतकोर खाल्ली, आणि मला दिसेल अशी बसून रडली. त्यापेक्षा न खाल्लेली बरी.

इतक्या पोरांना लिहायला वाचायला लावलं. हिला एक भाकरी खायला लावता येत नाही.

७ मार्च, बुधवार

युक्ती सापडली! सकाळी जाहीर केलं: आज गळा मोकळा वाटतोय, ताट वाढ. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचासुद्धा! पण समोर बसू नकोस, तू बघितलंस की अडकतं. ही धावतच आत गेली. माझ्या खाटेच्या खिडकीला लागूनच गायीची गव्हाण आहे. अर्ध्याहून जास्त भाकरी खिडकीतून खाली. थोडं ताटात ठेवलं. बोटं भरिताने माखून घेतली, ओठही.

ही आली. ताट बघितलं. तिथेच मांडी घालून त्याच ताटात जेवायला बसली. एक पूर्ण भाकरी! मग अर्धी आणखी! मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू.

९ मार्च

आजही जमलं. दीड भाकरी.

११ मार्च, रविवार

गायीने दगा दिला. भाकरी खाल्ली, भरीत खाल्लं, ठेचा ठेवला. गव्हाणीच्या कोपऱ्यात चार दिवसांचा ठेचा! ही झाडायला गेली आणि ओंजळीत घेऊन आली. माझ्यापुढे धरला. मला वाटलं भांडेल. खाली बसली आणि मोठ्याने रडली. बत्तीस वर्षांत अशी रडलेली मी पाहिली नव्हती, हिची आई गेली तेव्हाही नाही.

मी पण रडलो. दोघं उपाशी, आणि घरात सबंध शिंकं भाकरींनी भरलेलं.

२२ मार्च, गुरुवार

होळी झाली. गावभर पुरणाचा वास. मला आता नुसतं पाणी, तेही चमच्याने.

मुंबईला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं: वाट पुन्हा बंद झाली तर पोटाला भोक पाडून नळी बसवू, तिच्यातून दूध घालायचं. मी नाही म्हटलं होतं. स्पष्टच म्हटलं, की भांड्यासारखा भरून घेत जगायचं नाही मला. धाकटा भाऊ दोधू माझ्यासोबत होता. तो तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिला. आजही मनातून नकोच आहे. किती दिवस मिळतील त्याने? आणि कसले?

पण गणित सरळ आहे. मी उपाशी मेलो तर एकटा मरणार नाही. हिचे डोळे आत गेले आहेत. काल पाण्याची घागर उतरवताना उंबऱ्यावरच बसली. दोधूला निरोप धाडला, तिकिटं काढ. त्याला वाटलं मला जगावंसं वाटू लागलं. वाटू दे.

९ एप्रिल, मुंबई

नळी बसली. दुखतं.

२० एप्रिल, शुक्रवार. कोरीट

रेल्वेने सुरतेवरून काल आलो. दोधूने स्टेशनापासून जवळजवळ उचलूनच आणलं.

डाव्या बरगडीखाली रबराची नळी. तिच्या तोंडाशी काचेचं नरसाळं लावायचं, रॉकेल ओतायला असतं तसंच. दूध किंवा कढण फडक्याने गाळून, कोमट करून, सावकाश ओतायचं. मग थोडं पाणी, मग चिमटा लावायचा. इस्पितळातल्या नर्सने दोधूला दाखवलं, दोधूने हिला. पहिल्याच खेपेला हिने थेंब सांडू दिला नाही.

पोटात गरम उतरतं. तोंडाला पत्ताच नाही! आपणच दारावर उभे, आणि पाहुणे मागच्या दाराने आत गेले. पण तासाभराने अंगात ताकद आली, खोटं नाही. उठून ओट्यावर बसलो.

मग म्हटलं, झालं माझं जेवण. आता तू बस.

"नळीमा वतं म्हंजे जेवन जायं का? इंजनमा बी पानी वततस."

मला इतकं हसू आलं की टाका दुखला. पोट धरून म्हटलं, अगं, पोटात गेलं की जेवण! पोथीत लिहिलंय का, तोंडातूनच गेलं पाहिजे म्हणून? ऐकेना. "तोंडमा घास जावाले पाहिजे." झालं! हिच्याचसाठी पोटाला भोक पाडून आलो आणि ही कायदा सांगते!

२२ एप्रिल, रविवार

तोड निघाली. हिनेच काढली. भाकरीचा नखाएवढा तुकडा भाजीच्या रश्श्यात बुडवून माझ्या तोंडात द्यायचा. मी चावायचा. चव घ्यायची. वाडग्यात टाकून द्यायचा. तोंडात घास गेला म्हणजे जेवण झालं, हिचा कायदा सांभाळला गेला. मग नळीतून दूध, ते औषध म्हणून. मग ही माझ्यासमोर माझ्या ताटात.

दोन महिन्यांनी जिभेवर मिरची आली. डोळे मिटून बसलो. कितीतरी वेळ थुंकवेना. मनात म्हटलं, सुकलाल मास्तर, एवढ्यासाठीसुद्धा जगायला हरकत नाही.

हिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. दोन!

३० एप्रिल

कार्ड भरलं. 'काय गिळता येतं' याखालच्या तिन्ही शब्दांवर रेघ. पण खाली कोऱ्या जागेत आपलं लिहून दिलं: रुग्ण रोज जेवणाची चव घेतो. पत्नीची प्रकृती सुधारत आहे. त्यांनी विचारलं नव्हतं. घरच्यांचं वजन असा रकानाच नाही त्या कार्डावर. हवा होता.

७ मे, सोमवार. आखाजी

वत्सला विसरवाडीहून आली. आमची एकुलती लेक, पहिल्यांदाच आल्याआल्या आखाजीच्या झोक्याकडे पळाली नाही. माझ्या खाटेशीच बसून राहिली. तिच्या सासरच्या आंब्यांचा रस काढला, दोनदा गाळला. चमचाभर जिभेवर, बाकीचा नळीतून. "आप्पा, रस कसा लागना?" म्हटलं, वर गोड, खाली गार. ती हसता हसता पदर तोंडात घालून आत गेली.

ओसरीत आई-बापाच्या नावाने घागर पुजली. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकला. गेलेल्यांना दिल्याशिवाय आज घरात कोणी तोंडात काही घालत नाही. बघता बघता मनात आलं, पुढच्या आखाजीला या घागरीच्या शेजारी माझी. तेव्हाही आधी मी जेवणार, मग ही! हिची काही सुटका नाही. हे मात्र बोलून दाखवलं नाही. शहाणा झालोय थोडा.

१९ मे, शनिवार

मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र. मागच्या खेपेला काढलेल्या फोटोचा निकाल. पाकिटावर लिहिलंय, रुग्णाच्या नातेवाइकांसाठी. पत्र इंग्रजीत, आणि या घरात इंग्रजी वाचणारा एकटा रुग्णच!

चार ओळी. गाठ श्वासनलिकेत शिरली आहे. आणखी किरणं देता येणार नाहीत. पुन्हा आणण्याची गरज नाही. दोन महिने, फार तर तीन. आराम वाटेल असं ठेवावं.

ही समोरच बसली होती. "काय सांगं डाक्तरनी?"

मी चष्मा पुसला. वर्गात धडा वाचतात तसं एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं: तब्येत सुधारते आहे. दूध वाढवा. दिवाळीनंतर तपासायला आणा. आयुष्यात इतकं चुकीचं भाषांतर कधी केलं नव्हतं. ही माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही. मग म्हणाली, "बरं जायं."

आत्ता कुठे दोन भाकऱ्या पोटात जायला लागल्या आहेत हिच्या. खरं सांगितलं तर पुन्हा पाणीसुद्धा सोडेल. पाप लागायचं ते लागो.

दोधूला सांगावं लागेल. पण आज नाही.

२० मे

खोकल्यात रक्त. वाडगा मीच धुतला.

२४ मे, गुरुवार

आज गंमत झाली. दुपारी ही माझी जुनी पाटी घेऊन आली. पदराने पुसली, माझ्या मांडीवर ठेवली. "माले मन्हं नाव काढाले शिकाडा."

मी बघतच राहिलो. बत्तीस वर्षांनी! म्हटलं, आता कुठे मामलेदार व्हायचंय तुला? तर म्हणे, कागदावर अंगठा लावताना लाज वाटते. बरं. काढून दिलं: ज, सो, दा. 'ज' ला पोट फार मोठं काढते. सोळा वेळा गिरवला. मी एकदाही चिडलो नाही, ती एकदाही हसली नाही. मला वाटतं, माझं मन रमावं म्हणून केलं असेल. रमलं खरंच.

२७ मे

बोलायला फार धाप लागते. हिने आज न बघता नाव काढलं. अक्षर पोरांपेक्षा बरं.

२९ मे, मंगळवार

आज ही माझ्याआधी जेवली.

दुपारी माझं दूध अजून चुलीवरच होतं. हिने फळीवरून दुसरं ताट काढलं, दोन भाकऱ्या वाढून घेतल्या आणि माझ्यासमोर बसून सावकाश खाल्ल्या. मला वाटलं विसरली. विचारलं, आज आधीच?

मान वर न करता म्हणाली, "सवय करी ऱ्हायनी."